आउटपुट चॅनेलची शहानिशा कोण करणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या विज्ञान पुरवणीत संगणकाधारित मापनपद्धतींविषयी नुकताच प्रसिद्ध झालेला लेख आवडीने वाचला. सेन्सरपासून संगणकापर्यंत येणाऱ्या सिग्नलचा प्रवास, त्यात मिसळणारा नॉइज, नमुने घेण्याचा वेग हे सारे सर्वसामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत मांडणे सोपे नसते आणि लेखकाने ते चांगले साधले आहे. एका बाबतीत मात्र लेख अपुरा वाटला. संगणक नुसते मोजण्याचे काम करत नाही. झडप किती उघडायची, मोटर कोणत्या वेगाने फिरवायची, चाचणीच्या नमुन्यावर किती बल लावायचे, हे तो अ‍ॅनालॉग आउटपुट कार्डातून व्होल्टेज किंवा करंट देऊन ठरवतो. या कार्डाच्या कॅलिब्रेशनविषयी, म्हणजे त्याचे आउटपुट अधिक अचूक मानकाशी ताडून पाहण्याविषयी, ‘तेही वेळोवेळी करून घ्यावे’ एवढ्या एका वाक्यावर लेख पुढे सरकतो. मी इलेक्ट्रिकल कॅलिब्रेशनच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि तपासणीसाठी येणाऱ्या यंत्रणांच्या कागदपत्रांत नेमकी हीच उणीव वारंवार पाहतो: इनपुट चॅनेलच्या नोंदी पानेच्या पाने असतात आणि आउटपुटचा रकाना कोरा असतो. म्हणून हे सविस्तर पत्र.

असे का होते, हे समजण्यासारखे आहे. इनपुटवर आलेल्या आकड्याकडे माणूस स्वभावतःच संशयाने पाहतो. पडद्यावर ७.३१२ व्होल्ट दिसले, तर ‘खरोखरच एवढे आहेत का?’ असे कोणीतरी विचारतोच. आउटपुटचा आकडा आपण स्वतः टाइप केलेला असतो. ५.००० लिहिले की ५ व्होल्ट बाहेर पडले असे आपण धरून चालतो, कारण पडद्यावरही तेच ५.००० झळकत असते. ती केवळ कार्डाला दिलेली आज्ञा आहे आणि आज्ञा किती पाळली गेली हे सांगणारे मीटर त्या वाटेवर कोठेच बसवलेले नाही, हे लक्षात येत नाही. परिणामी चाचणीचे निकाल फिरले की आधी सेन्सर बदलला जातो, मग केबल, मग अ‍ॅम्प्लिफायर, आणि आउटपुट कार्डाचा विचार सगळे उपाय थकल्यावर होतो.

कार्डाच्या माहितीपत्रकावरचा ‘१६ बिट’ हा शब्दही गैरसमजाला खतपाणी घालतो. उणे १० ते अधिक १० व्होल्टच्या रेंजमध्ये १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या, आणि २० व्होल्ट त्यांत विभागले की एका पायरीला सुमारे ३०५ मायक्रोव्होल्ट येतात. १२ बिटांच्या कार्डात हीच पायरी ४.८८ मिलिव्होल्टची असते. पण पायरी किती बारीक आहे यावरून ती योग्य उंचीवर आहे की नाही हे ठरत नाही. कार्डाचे शून्य सरकलेले असू शकते, ज्याला आपण ऑफसेट म्हणतो. मोजपट्टी ताणलेली किंवा आखडलेली असू शकते, ती गेनची चूक. आणि मधल्या पायऱ्या सरळ रेषेत नसू शकतात. या तिन्हींची बेरीज काही मिलिव्होल्टपर्यंत सहज जाते, म्हणजे दहा-पंधरा पायऱ्यांइतकी.

ऑफसेट आणि गेन वेगवेगळे ओळखणे किती गरजेचे आहे, हे एका साध्या उदाहरणावरून दिसेल. कार्डाला अधिक ९ व्होल्टची आज्ञा दिली आणि मीटरवर ९.००४६ व्होल्ट मिळाले, असे समजू. घाईत असलेला माणूस गेन कमी करतो, आकडा ९.००००वर आणतो आणि कार्ड दुरुस्त झाले असे मानतो. त्याने त्याआधी उणे ९ व्होल्टलाही मोजले असते, तर तेथे उणे ८.९९६२ मिळाले असते. दोन्ही वाचने एकत्र पाहिली की चित्र स्पष्ट होते: ऑफसेट अधिक ४.२ मिलिव्होल्ट आहे आणि गेनची चूक अवघी ४४ पीपीएम, म्हणजे दशलक्ष भागांत ४४ भाग. दोष जवळजवळ सगळा शून्याचा होता आणि दुरुस्ती मात्र उताराची झाली. त्या ‘दुरुस्ती’नंतर उणे ९ व्होल्टच्या ठिकाणी आउटपुट उणे ८.९९१६ येते, म्हणजे तेथील चूक ३.८ मिलिव्होल्टवरून ८.४ मिलिव्होल्टवर जाते. एका टोकाला सगळे ठीक दिसत असल्यामुळे ही बिघडलेली अवस्था पुढे कितीतरी काळ कोणाच्या नजरेस येत नाही.

मोजण्याचे बिंदू निवडताना आणखी एक चूक होते, आणि ती चांगल्या अनुभवी लोकांकडूनही होते. ६५,५३६ पायऱ्यांची गणती शून्यापासून सुरू होत असल्याने शेवटची पायरी ६५,५३५वी असते, आणि तिचे आदर्श मूल्य १० व्होल्ट नसून ९.९९९७ व्होल्ट असते. ज्या कार्डांत रेंजच्या पलीकडे थोडी जागा राखलेली नसते, तेथे १०.००० ची आज्ञा दिली तरी आउटपुट शेवटच्या पायरीवरच अडकते. असा अडकलेला बिंदू दुरुस्तीच्या गणितात घेतला, तर कार्डात नसलेली गेनची चूक कागदावर उमटते आणि सॉफ्टवेअर ती इमानेइतबारे ‘सुधारते’. म्हणून टोकाचे बिंदू पूर्ण रेंजच्या जरा आत, साधारण ९० ते ९५ टक्क्यांवर घ्यावेत.

दोन बिंदूंवर रेषा नेहमीच बसते. ती खरी आहे का, हे दोन बिंदू सांगू शकत नाहीत. किमान नऊ किंवा अकरा बिंदू घ्यावेत, त्यांतून रेषा काढावी आणि प्रत्येक बिंदू त्या रेषेपासून किती दूर पडतो हे कागदावर मांडावे. त्यात मध्यबिंदूच्या आसपासची वाचने आवर्जून असावीत. ३२,७६७ या संख्येवरून ३२,७६८ वर जाताना सोळाच्या सोळा बिट एकदम उलटतात: पंधरा बंद होतात आणि सर्वांत वजनदार बिट चालू होतो. रोधकांच्या शिडीवर आधारलेल्या डॅकमध्ये (संख्येचे व्होल्टेजमध्ये रूपांतर करणाऱ्या कार्डातील घटकात) त्या एका बिटाच्या वजनात सुमारे ३० पीपीएमची चूक असली, तरी ती अख्ख्या एका पायरीएवढी भरते. दुर्दैवाने ही जागा नेमकी शून्य व्होल्टची असते, आणि सर्वो मोटर किंवा सर्वो व्हॉल्व्ह चालवणाऱ्या यंत्रणा जास्तीत जास्त वेळ शून्याच्या अलीकडे-पलीकडेच काम करतात. अशा उडीवर गेन-ऑफसेटच्या दुरुस्तीने काहीही फरक पडत नाही, त्यामुळे ती आहे हे वापरणाऱ्याला निदान माहीत तरी असले पाहिजे.

आता ज्या प्रथेविषयी मला सर्वांत जास्त काळजी वाटते, तिच्याकडे वळतो. अनेक ठिकाणी आउटपुटची तपासणी म्हणून त्याच कार्डाच्या आउटपुटची तार त्याच कार्डाच्या इनपुटला जोडली जाते, ५ व्होल्ट पाठवले जातात, ५.०००० वाचले जातात आणि ‘योग्य’ असा शेरा मारला जातो. बहुतेक बहुउपयोगी कार्डांत इनपुट आणि आउटपुट दोन्ही एकाच अंतर्गत व्होल्टेज रेफरन्सवर, म्हणजे तुलनेसाठी धरलेल्या ठरावीक व्होल्टेजवर, चालतात. तो रेफरन्स काळाच्या ओघात १०० पीपीएमने वर सरकला, तर ५ व्होल्टच्या आज्ञेला प्रत्यक्षात ५.०००५ व्होल्ट बाहेर पडतील. पण मोजणारे इनपुटही त्याच सरकलेल्या रेफरन्सशी तुलना करत असल्याने वाचन पुन्हा ५.०००० असेच येईल. दोन्ही चुका एकमेकींना तंतोतंत झाकतात. तार तुटलेली नाही, चॅनेल जिवंत आहे, एवढे या चाचणीतून कळते आणि तेवढ्यासाठी ती जरूर करावी. अचूकतेविषयी तिच्यातून काहीही कळत नाही.

कार्डाच्या सॉफ्टवेअरमधील ‘सेल्फ कॅलिब्रेशन’च्या बटणालाही हीच मर्यादा आहे. ते बटण निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. कार्ड नव्या जागी बसवल्यावर किंवा तापमान बदलल्यावर ते दाबल्याने ऑफसेट आणि गेन पुन्हा अंतर्गत रेफरन्सशी जुळतात आणि याचा मोठा फायदा होतो. पण रेफरन्स स्वतः किती सरकला हे बाहेरच्या, अधिक अचूक मानकाशी ताडून पाहिल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही. बाहेरच्या कॅलिब्रेशनमध्ये नेमके हेच होते: रेफरन्सचे खरे मूल्य मोजून ते कार्डावरच्या स्मृतीत नव्याने लिहिले जाते. अशा तुलनांची साखळी वर चढत जोसेफसन परिणामावर (अतिवाहकांच्या जोडात वारंवारितेवरून व्होल्टेज नेमके ठरवून देणाऱ्या क्वांटम परिणामावर) आधारलेल्या राष्ट्रीय मानकांपर्यंत पोहोचते. २० मे २०१९ पासून प्लँकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा मूलभूत प्रभार यांची मूल्ये निश्चित झाल्यामुळे १९९० पासून वापरात असलेले व्होल्टचे मूल्य किंचित बदलले, तेव्हा जुनी कार्डे पुन्हा जुळवावी लागतील का असे काही जणांनी मला विचारले होते. तो बदल दशलक्षात सुमारे एक दशांश भाग इतकाच आहे, आणि आपण ज्या कार्डांविषयी बोलत आहोत त्यांच्या दृष्टीने तो नगण्य आहे.

तपासणीचे मीटर कसे असावे, याबाबतही आकडेमोड करून पाहिली पाहिजे. साडेसहा अंकी मल्टिमीटर म्हटले की पुरेसे झाले अशी समजूत आहे. अशा एखाद्या मीटरची वर्षभराची हमी १० व्होल्टच्या रेंजवर वाचनाच्या ३५ पीपीएम अधिक रेंजच्या ५ पीपीएम अशी असेल, तर १० व्होल्टला त्याची स्वतःची संभाव्य चूक ०.४ मिलिव्होल्ट होते, म्हणजे १६ बिटांच्या कार्डाच्या एका पायरीहून जास्त. या मीटरने मोजून ‘कार्ड एका पायरीच्या आत जुळवले’ असा दावा करणारा अहवाल स्वीकारू नये. त्याच कार्डाची स्वीकारार्ह मर्यादा २ मिलिव्होल्ट असेल, तर मात्र हेच मीटर चालते, कारण मोजणाऱ्याची अनिश्चितता मर्यादेच्या चौथ्या हिश्शाहून कमी असावी हा रूढ दंडक तेथे पाळला जातो. मीटर चांगले की वाईट हा प्रश्न मर्यादा ठरवल्यावरच विचारता येतो.

प्रत्यक्ष जोडणीत काय घडते, हे मी थोडे तपशिलात सांगतो, कारण प्रयोगशाळेत अचूक ठरलेले कार्ड यंत्रावर गेल्यावर चुकते ते बहुधा येथेच. कार्डाच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावला की त्याचा इनपुट रोध १० मेगओहम किंवा त्याहून अधिक असतो. १० व्होल्टला फार तर एक मायक्रोअँपिअर करंट वाहतो आणि तारांत पडणारे व्होल्टेज मोजण्याच्याही लायकीचे नसते. आता तेच आउटपुट २ किलोओहमच्या लोडला, म्हणजे करंट घेणाऱ्या उपकरणाला, जोडा. करंट ५ मिलिअँपिअर होतो. जाण्या-येण्याच्या दोन तारांचा मिळून रोध १ ओहम असला, तर लोडपर्यंत पोहोचेपर्यंत ५ मिलिव्होल्ट तारांतच संपतात, म्हणजे सोळा पायऱ्या. कार्डाचा स्वतःचा आउटपुट रोध ०.१ ओहम धरला, तर आणखी अर्धा मिलिव्होल्ट जातो. सर्टिफिकेटवरचे आकडे टर्मिनलवर मोकळ्या स्थितीत घेतलेले असतात आणि ते खोटे नसतात. मात्र यंत्राला मिळणारे व्होल्टेज ते सांगत नाहीत. लोड जोडून, लोडच्या टोकांवर मीटरच्या वेगळ्या तारा नेऊन मोजणे, हाच यावर उपाय आहे. कार्डाला रिमोट सेन्सची, म्हणजे लोडच्या टोकांवरचे व्होल्टेज वेगळ्या तारांनी जाणून तारांतली घट भरून काढण्याची, सोय असेल, तर ती वापरावी. त्या टर्मिनलवर नुसता जंपर (जोडतुकडा) टाकून ठेवलेला मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही.

तापमानाचेही तसेच आहे. कार्ड टेबलावर उघडे ठेवून जुळवले आणि मग बंद कॅबिनेटमध्ये, गरम पॉवर सप्लायच्या शेजारी बसवले, तर आतले तापमान सहज १५ अंशांनी जास्त असते. गेनचा ड्रिफ्ट (तापमानाबरोबर होणारे सरकणे) दर अंशाला १० पीपीएम असेल, तर १० व्होल्टला दीड मिलिव्होल्टचा फरक पडतो. म्हणून शक्य असेल तेव्हा कार्ड त्याच्या कायमच्या जागी, झाकण लावून, निदान अर्धा तास चालू ठेवून मगच मोजावे. टर्मिनलचे स्क्रू स्वच्छ असावेत. तांब्याला तांबे स्वच्छ जोडले, तर तापमानातील फरकामुळे निर्माण होणारे व्होल्टेज दर अंशाला ०.२ मायक्रोव्होल्टच्या आत राहते, पण तांबे आणि त्यावर चढलेला ऑक्साइड यांच्या जोडीत ते हजार मायक्रोव्होल्टच्या घरात जाऊ शकते. काळवंडलेल्या तारेचे टोक कापून नवे सोलायला मिनिटही लागत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये होणारे घोटाळे याहून फसवे असतात. दुरुस्तीचे स्थिरांक कार्डाच्या स्मृतीत साठवलेले असतात आणि उत्पादकाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) ते आपोआप लागू करतो. हे ठाऊक नसलेला प्रोग्रॅमर स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये गेन आणि ऑफसेटचे आणखी दोन स्थिरांक लिहितो. जोपर्यंत कोणी काही हलवत नाही तोपर्यंत सारे ठीक चालते. पुढे कार्ड कॅलिब्रेशनला जाते, तेथे त्याच्या आतले स्थिरांक सुधारले जातात, ते परत येते आणि प्रोग्रॅममधली जुनी दुरुस्ती त्यावर पुन्हा चढते. नुकतेच कॅलिब्रेट झालेले कार्ड आधीपेक्षा जास्त चुकू लागते आणि ठपका प्रयोगशाळेवर येतो. कार्ड नादुरुस्त झाल्यावर त्याच मॉडेलचे दुसरे बसवले जाते, तेव्हाही हेच घडते, कारण प्रोग्रॅममधले आकडे जुन्या कार्डाचे असतात. दुरुस्ती एकाच ठिकाणी ठेवावी. ती प्रोग्रॅममध्ये ठेवणे भाग असेल, तर तिच्याशी कार्डाचा अनुक्रमांक जोडावा आणि अनुक्रमांक जुळला नाही तर प्रोग्रॅमने चालायला नकार द्यावा.

करंट आउटपुटविषयी थोडक्यात: ४ ते २० मिलिअँपिअरचा करंट २५० ओहमच्या रोधकावर १ ते ५ व्होल्ट म्हणून मोजायची पद्धत सोयीची आहे, पण रोधक ०.१ टक्का अचूकतेचा असेल, तर २० मिलिअँपिअरला ०.०२ मिलिअँपिअरची शंका आधीच आपल्या खात्यात जमा झालेली असते. रोधकाचे मूल्य स्वतंत्रपणे मोजलेले हवे, आणि तपासणी लूपमधल्या जास्तीत जास्त लोडला करायला हवी. आउटपुट किती वेगाने स्थिरावते आणि पायरी बदलताना किती उसळते, हा तरंगरूपे निर्माण करणाऱ्यांचा वेगळा विषय आहे. स्थिर व्होल्टेजचे कॅलिब्रेशन त्याची ग्वाही देत नाही.

या सगळ्यात माझा आग्रह मुख्यतः एका गोष्टीसाठी आहे. कार्डाला हात लावण्यापूर्वी ते ज्या स्थितीत आले त्या स्थितीतली वाचने घ्या आणि लिहून ठेवा. मोजणे हे एक काम आणि जुळवणे हे दुसरे. पहिले न करता दुसरे केले, तर कार्ड गेल्या खेपेपासून किती सरकले याचा पुरावा कायमचा पुसला जातो. कार्ड मर्यादेबाहेर होते हे कळले नाही, तर मधल्या काळात त्याने चालवलेल्या चाचण्यांपैकी कोणत्या पुन्हा तपासायच्या हेही कळत नाही. पुढचे कॅलिब्रेशन केव्हा करायचे, याचा निर्णयही याच नोंदींवर अवलंबून असतो. कॅलिब्रेशन प्रयोगशाळांसाठीचे आयएसओ/आयईसी १७०२५ हे मानक ग्राहकाशी तसे ठरले नसेल, तर सर्टिफिकेटवर पुढील मुदतीची शिफारस करू देत नाही, आणि ते योग्यच आहे. कार्ड कोठे, किती आणि कशासाठी वापरले जाते हे वापरणाऱ्यालाच ठाऊक असते. तरीही बहुतेक ठिकाणी ‘एक वर्ष’ असा शिक्का सरसकट मारला जातो. जे कार्ड लागोपाठच्या तपासण्यांत जागचे हललेले नाही, त्याला जास्त मुदत देता येईल. जे दर वेळी मर्यादेच्या काठावर सापडते, त्याला वर्षभर मोकळे सोडणे धोक्याचे आहे. हा भेद करायचा, तर जुळवण्याआधीची आणि नंतरची अशी दोन्ही वाचने सर्टिफिकेटवर हवीत, आणि ती मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. कॅलिब्रेशनचे काम देताना ही अट लेखी घालावी, कारण न मागितल्यास अनेक ठिकाणी केवळ नंतरचीच वाचने मिळतात.

अभियांत्रिकी आणि भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांतील शिक्षकांनाही आपल्या दैनिकामार्फत एक विनंती करतो. विद्यार्थ्यांना आउटपुट कार्डावर साइन वेव्ह काढायला लावण्यापूर्वी एक तासिका त्याच चॅनेलच्या तपासणीला द्यावी: नऊ बिंदू चढत्या क्रमाने, तेच उतरत्या क्रमाने, आधी मोकळ्या टर्मिनलवर आणि मग लोड जोडून लोडच्या टोकांवर; मोजायला कार्डाबाहेरचे स्वतंत्र मीटर. आज्ञा, वाचन आणि फरक असे तीन रकाने निरीक्षणवहीत भरून झाल्यावर चूक ऑफसेटची, गेनची की तारेची, हे विद्यार्थ्याने स्वतः शोधून लिहावे. मगच त्याला दुरुस्तीचे स्थिरांक बदलू द्यावेत.

आपला विश्वासू,
इलेक्ट्रिकल कॅलिब्रेशन क्षेत्रातील एक वाचक